गीझर १३३५ वॉट घेतो, मीटर १४६० दाखवतो. मधले वॉट कुठे गेले?

आगरातला

वेळणेश्वरला आगरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. मीटर आणि मेन बोर्ड मूळ घराच्या पडवीत. तिथून खोल्यांपर्यंत साधारण ७० मीटर अंतर, अडीच स्क्वेअरची (छेद अडीच चौरस मिलिमीटर) तांब्याची वायर, पीव्हीसी पाइपातून नेलेली, वाटेत दोन जंक्शन बॉक्स (एक २० मीटरवर, दुसरा ४५ मीटरवर माडाजवळच्या खांबाला). पहिल्या खोलीतला १५ लिटरचा गीझर संध्याकाळी पाणी तापवायला फार वेळ घेतो. प्लेटवर २३० व्होल्ट, २००० वॉट असं आहे.

घरातलं बाकी सगळं बंद ठेवून फक्त हा गीझर लावला आणि आकडे घेतले:

मेन बोर्डावर, गीझर बंद: २१२ व्होल्ट
मेन बोर्डावर, गीझर चालू: २०६ व्होल्ट
खोलीतल्या सॉकेटवर, गीझर चालू: १८८ व्होल्ट
क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारा): ७.१ अँपिअर
प्लग काढून, थर्मोस्टॅट चालू ठेवून गीझरचा रेझिस्टन्स: २६.७ ओहम
मीटरचा लाल दिवा: मिनिटाला ७८ वेळा (मीटरवर ३२०० इम्प प्रति युनिट छापलंय, म्हणजे दिवा ३२०० वेळा लागला की एक युनिट)

वॉट काढायला बसलो तर प्रत्येक सूत्राचं उत्तर वेगळं. १८८ × ८.७ (प्लेटवरून काढलेला करंट) = १६३५. १८८ × ७.१ = १३३५. १८८ चा वर्ग भागिले २६.७ = १३२४. ७.१ चा वर्ग गुणिले २६.७ = १३४६. मीटरच्या दिव्यावरून तर १४६० च्या आसपास. यातलं खरं कोणतं? मीटर फास्ट आहे का?

दुसरं म्हणजे विहिरीवरचा १ एचपीचा सिंगल फेज पंप. त्याच्या रनिंग वाइंडिंगचा रेझिस्टन्स ३.८ ओहम आला. २०४ चा वर्ग भागिले ३.८ म्हणजे जवळजवळ ११ किलोवॉट! आणि व्होल्टेज उतरलं की गीझरचा करंट कमी होतो, पंपाचा मात्र वाढतो. सकाळी २२४ व्होल्टला ६.२ अँपिअर, संध्याकाळी २०४ ला ६.८. ओहमचा नियम पंपाला लागू नाही का?

सर्किटकाका

मीटर फास्ट नाही. आकडे नीट घेतलेत, म्हणून उत्तर त्यातच आहे.

आधी १६३५ खोडून टाका. ८.७ अँपिअर हा २३० व्होल्ट मिळत असतानाचा करंट. तुमच्याकडे त्या क्षणी १८८ होते. व्होल्टेज एका प्रसंगातलं आणि करंट दुसऱ्या प्रसंगातला घेऊन केलेला गुणाकार कशाचाच नसतो. व्होल्ट आणि अँपिअर एकाच वेळचे हवेत, आणि व्होल्ट ज्या वस्तूचे वॉट काढायचेत तिच्याच दोन टोकांवरचे हवेत.

उरलेली तीन उत्तरं खरं तर एकच आहेत. मल्टिमीटरच्या प्रोबची टोकं एकमेकांना टेकवून बघा, ०.२ ते ०.३ ओहम दिसतील. तो प्रोबच्या वायरींचा रेझिस्टन्स. २६.७ मधून ०.३ वजा केले की २६.४, आणि मग उत्तरं १३३९ आणि १३३१ येतात. १८८ ÷ ७.१ केलंत तर २६.५ ओहम. प्लेटवरून, २३० चा वर्ग भागिले २०००, तेही २६.४५. साध्या क्लॅम्प मीटरची चूक दोन-तीन टक्के धरावी लागते, म्हणजे तुमच्या आकड्यात २५ ते ४० वॉट इकडे-तिकडे. त्या मानाने हे आकडे फारच छान जुळलेत. एलिमेंट ठणठणीत आहे, बदलू नका.

गीझरच्या एलिमेंटमधल्या नायक्रोम तारेचा रेझिस्टन्स थंड-गरम फारसा बदलत नाही, म्हणून हे जमलं. जुन्या पिवळ्या १०० वॉटच्या बल्बवर हाच प्रयोग केलात तर फसाल. पेटलेला असताना तो ५२९ ओहम, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. एलईडी बल्ब तर ओहमवर मोजूच नये, आत सर्किट असतं.

पाणी उशिरा का तापतं, तेही यातच आहे. १८८ भागिले २३० म्हणजे व्होल्टेज १८ टक्के कमी. पण वॉट व्होल्टेजच्या वर्गाने उतरतात, म्हणून ते ३३ टक्के कमी. १५ लिटर पाणी २६ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे २१३५ किलोज्यूल लागतात. २००० वॉटने १८ मिनिटं, १३३५ ने पावणेसत्तावीस. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता वेगळी.

आता मीटर. ७८ × ६० ÷ ३२०० = १.४६ किलोवॉट. आणि बोर्डावर २०६ × ७.१ = १४६३ वॉट. मीटर बोर्डाच्या जागेवरचे वॉट मोजतोय आणि बरोबर मोजतोय. बोर्डापासून गीझरपर्यंत १८ व्होल्ट गळाले, १८ × ७.१ = १२८ वॉट. हे वॉट वायरीत आणि जॉइंटांत उष्णता होऊन जातायत, आणि बिल त्यांचंही येतंय.

वायरीच्या वाट्याचे किती? अडीच स्क्वेअरच्या तांब्याला किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम (बारीक तारांच्या लवचिक वायरीला ८ पर्यंत). करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने परत येतो, म्हणून ७० नाही, १४० मीटर धरायचे. हे दुप्पट करायला निम्मे लोक विसरतात. १४० मीटरचे १.०४ ओहम. ७.१ अँपिअरला ७.४ व्होल्ट. तुमचे गळतायत १८. म्हणजे १० ते ११ व्होल्ट अशा ठिकाणी जातायत जिथे वायर नाही. १०.६ ÷ ७.१ = दीड ओहम.

तारजोड

आधी सांधो बघा, गणित मगे.

काकांनी काढलेला दीड ओहम वॉटमध्ये करून बघा: ७.१ × ७.१ × १.५ = ७५ वॉट. वायरीतले ५२ वॉट १४० मीटरभर पसरलेत, हाताला कळणारही नाहीत. हे ७५ वॉट मात्र पिळलेल्या दोन तारांच्या इंचभर जागेत आहेत, तेही टेपने गुंडाळलेल्या. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं.

आणि एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा बोर्डातला स्विच) पडणार नाही. तो करंट बघतो, आणि खराब जॉइंटमुळे करंट उलट थोडा कमीच होतो. आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच) हाही पडणार नाही, कारण जाणारा आणि येणारा करंट सारखाच आहे, जमिनीत काही जात नाही. म्हणजे हा दोष पकडणारं बोर्डात काहीच नाही, तुमचं व्होल्टमीटरच काय ते.

शोधायचा असा. मेन बंद करून दोन्ही बॉक्स उघडा. टेप वितळलेली, वायरीचा रंग तपकिरी झालेला, तांब्यावर हिरवी पूड, जळका वास, यातलं काही दिसलं तरी हात लावू नका, आधी आकडा घ्या. मेन चालू करा, गीझर लावा आणि प्रत्येक बॉक्समध्ये फेज-न्यूट्रल व्होल्टेज मोजा. जॉइंटच्या अलीकडे एकदा, पलीकडे एकदा. मग मीटरचा एक प्रोब फेजच्या जॉइंटच्या अलीकडे, दुसरा त्याच जॉइंटच्या पलीकडे. तिथे शून्याजवळ आकडा यायला हवा. तसंच न्यूट्रलचं. मीटर एसी व्होल्टवर, कॅट थ्री ६०० व्होल्टचा (घराच्या वायरिंगवर मोजायला सुरक्षित असा शेरा असलेला), पायात रबरी चप्पल, जमीन कोरडी. हे अंगवळणी नसेल तर वायरमन बोलवा. या कामात मुख्य वायरी जिवंत असतात.

जॉइंट ओहमवर मोजून चालत नाही. मल्टिमीटर मिलिअँपिअरमध्ये करंट सोडतो आणि त्यात प्रोबचेच ०.३ ओहम मिसळतात. सकाळी थंड असताना जॉइंट चांगला दाखवेल, संध्याकाळी लोडवर तापला की बिघडेल. लोड चालू ठेवून व्होल्ट मोजणं हीच खरी तपासणी.

आगरातला

वायरमनला सोबत घेऊन मोजलं. व्होल्टेज थोडं वरखाली होत होतं, बोर्ड २०६ वर स्थिर झाल्यावर घेतलेले हे आकडे:

पहिला बॉक्स २०४. दुसऱ्या बॉक्समध्ये येणाऱ्या बाजूला २०१, जाणाऱ्या बाजूला १९०.५. सॉकेटवर १८८. दुसऱ्या बॉक्समधल्या फेजच्या जॉइंटवर १.२ व्होल्ट, न्यूट्रलच्या जॉइंटवर ९.५. न्यूट्रलची टेप काळी आणि कडक झालीय, बॉक्समध्ये वाळू आणि ओल.

आता काय करायचं? की ५ केव्हीएचा स्टॅबिलायझर खोलीत लावला की काम होईल?

खाडीपलीकडे

आमच्याकडे सगळे स्टॅबिलायझरच लावतात. खोलीत २३० मिळतात, पाहुणे खूश.

तारजोड

खोलीत २३० मिळतील, आणि जॉइंट पेटेल.

स्टॅबिलायझर वॉट तयार करत नाही. आउटपुटला २००० वॉट द्यायचे तर तेवढे तो लाइनमधून ओढतो, आणि व्होल्टेज कमी असल्यामुळे जास्त अँपिअर घेऊन ओढतो. तुमच्या आकड्यांवर हिशोब: मोकळ्या लाइनचे २१२ व्होल्ट. मीटरच्या अलीकडच्या, म्हणजे खांबाकडच्या, लाइनचा रेझिस्टन्स ६ ÷ ७.१ = ०.८५ ओहम, वायर १.०४, जॉइंट १.५, एकूण ३.४ च्या आसपास. यातून २००० वॉट पोचवायला सुमारे ११.६ अँपिअर लागतात, स्टॅबिलायझरचा स्वतःचा खर्च सोडून. त्याच्या इनपुटला उरतात १७३ व्होल्ट. आणि जॉइंटवर ११.६ × ११.६ × १.५, म्हणजे २०० वॉट. आज ७५ आहेत.

तुमच्या न्यूट्रलच्या जॉइंटचा रेझिस्टन्स ९.५ ÷ ७.१ = १.३४ ओहम, वॉट ६७. फेजचा ०.१७ ओहम, साडेआठ वॉट. चांगला जॉइंट मिलिओहममध्ये असतो, त्यामुळे फेजचाही कापायचाच. न्यूट्रलचा जॉइंट पूर्ण सुटला तर गीझर बंद पडेल, पण त्याच्या पुढच्या न्यूट्रलवर एलिमेंटमधून फेजचं व्होल्टेज येईल. 'न्यूट्रल आहे' म्हणून कुणी हात लावला तर झटका पूर्ण.

दुरुस्ती. मेन बंद, खात्री मल्टिमीटरने करा, टेस्टरने नको. दोन्ही बाजूंची वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. खाऱ्या हवेत काळेपणा इन्सुलेशनच्या आत चारेक इंच शिरलेला असतो आणि तो घासून जात नाही. वायर अपुरी पडली तर बॉक्स हलवा, ताणून जोडू नका. टिन चढवलेलं तांब्याचं अडीच स्क्वेअरचं स्लीव्ह (दोन्ही टोकं आत घालून दाबायची नळी) घ्या आणि क्रिम्पिंग टूलने दाबा, पकडीने नाही. पकडीने दाबलेलं स्लीव्ह वरून घट्ट दिसतं, आत तारा मोकळ्याच राहतात. दाबल्यावर ओढून बघा. वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (तापवली की आवळते), दोन्ही बाजूंना इंचभर जास्त. साधी काळी टेप समुद्राजवळ एका पावसाळ्यात सुटते.

बॉक्स आयपी ६५चा (धूळ-पाणी आत न जाणारा), वायरी खालूनच आत घ्यायच्या, ग्लँडमधून (वायर आवळून धरणारं बूच). वरून घेतली की पाणी वायरीवरून चालत आत येतं. वायरीला बॉक्सखाली एक झोल द्या, थेंब तिथेच गळून पडतात. आणि हा बॉक्स माडापासून बाजूला घ्या, झावळ पडली की झाकण तुटतं.

पंपाकडे किंवा दुसरीकडे ॲल्युमिनियमची वायर असेल तर ती तांब्याला नुसती पिळून जोडू नका. बायमेटल (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेला) लग किंवा कनेक्टर लावा. खारी ओल लागली की त्या जोडात ॲल्युमिनियम खाऊन जातं.

सर्किटकाका

दुरुस्तीनंतर काय दिसायला हवं ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे ताडून बघता येईल. २१२ ÷ (२६.४५ + १.०४ + ०.८५) = सुमारे ७.५ अँपिअर. सॉकेटवर १९८ व्होल्ट, गीझर १४८० वॉट. पाणी अडीच मिनिटं आधी तापेल, एवढंच. वाचणारे युनिटही फार नाहीत: रोज दोन तास वापर धरला तर महिन्याला साडेचार. दुरुस्ती आगीसाठी करायची.

मीटरच्या अलीकडचे ०.८५ ओहम जरा जास्त वाटतात, पण गीझर चालू-बंद करताना शेजाऱ्यांचं लोडही बदलतं. चार-पाच वेळा करून सरासरी घ्या. दर वेळी सहाच व्होल्ट पडत असतील तर खांबावरचं जम्पर (तारा जोडणारा तुकडा) किंवा सर्व्हिस वायरचा जोड ढिला असू शकतो. ते काम महावितरणच्या लाइनमनचं, १९१२ वर नोंदवा. आपण शिडी लावायची नाही, मीटरचं सील तर मुळीच नाही.

मोटर वाइंडिंगवाला

पंपाचं राहिलंच.

३.८ ओहम हा वाइंडिंगच्या तांब्याचा रेझिस्टन्स, मल्टिमीटरच्या डीसीवर मोजलेला. २०४ व्होल्ट डीसी लावलेत तर खरंच ११ किलोवॉट जातील, काही सेकंद, मग धूर. एसीवर वाइंडिंगचं चुंबकीय क्षेत्र सतत पालटतं आणि रोटर फिरत असतो, त्यामुळे लावलेल्या व्होल्टेजला विरोध करणारं व्होल्टेज वाइंडिंगमध्येच तयार होतं. करंटला अडवतं ते मुख्यतः हे. म्हणून चालू मोटरला व्होल्ट भागिले अँपिअर केलंत तर ३० ओहम येतात, आणि ते रेझिस्टन्स नव्हेत. पंप सुरू होताना रोटर उभा असतो, विरोध कमी, म्हणून क्षणभर पाच-सहा पट करंट.

३.८ चा उपयोग वाइंडिंग किती तापतंय ते काढायला. अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम, अंदाजे: सकाळी ६.२ ला १४६ वॉट, संध्याकाळी ६.८ ला १७६. वीस टक्के जास्त उष्णता, आणि संध्याकाळी पंप तितकंच पाणी उपसतोय.

करंट वाढतो तो यामुळेच. पाणी आणि उंची तीच, म्हणून शाफ्टवरचं काम जवळजवळ तेवढंच राहतं. पण मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, रोटर थोडा मागे पडतो आणि भरपाई म्हणून करंट जास्त ओढतो. गीझरला असं काही पुरं करायचं नसतं, मिळेल तेवढ्यात तो कमी तापतो.

पंपाचे वॉट व्होल्ट गुणिले अँपिअर करून येत नाहीत. २०४ × ६.८ = १३८७ हे व्होल्ट-अँपिअर झाले. खरे वॉट मीटरच्या दिव्यावरून काढा, फक्त पंप चालू ठेवून. मिनिटाला ६४ वेळा लागला तर ६४ × ६० ÷ ३२०० = १.२ किलोवॉट, आणि १२०० ÷ १३८७ = ०.८७ पॉवर फॅक्टर. तो बराच खाली आला तर रनिंग कपॅसिटर तपासा, समुद्राकाठी त्याची टर्मिनलं लवकर खातात. मोजण्याआधी रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा. छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला तर बदला. आणि ओव्हरलोड (करंट जास्त झाला की पंप बंद करणारा रिले) प्लेटवरच्या अँपिअरला सेट करा. संध्याकाळी पडतो म्हणून लोक तो वर फिरवून ठेवतात आणि मे महिन्यात मोटर वाइंडिंगला आणतात.

आगरातला

दोन्ही जॉइंट कापून क्रिम्प केले. गीझर बंद असताना बोर्ड २१३, चालू केल्यावर २०६. सॉकेटवर १९८.५, क्लॅम्प ७.५. जॉइंटांवर मीटर ०.०२ व्होल्टच्या आत. पाहुणे आले की दोन्ही खोल्यांचे गीझर एकदम लागतात. त्यासाठी वायर बदलावी का?

सर्किटकाका

दोन गीझर समांतर, १३.२ ओहम. आहे त्या वायरीवर २१२ मधून १४ अँपिअर जातील, खोलीत १८६ व्होल्ट, वायरीत २०५ वॉट. सहा स्क्वेअर टाकलीत तर वायर ०.४३ ओहम, खोलीत १९३ व्होल्ट, वायरीत ९२ वॉट. चार स्क्वेअर मधलं. पण एवढ्यावर थांबू नका. व्होल्टेज २३० असेल त्या वेळी दोन्ही मिळून १६ अँपिअर घेतील, १६ चा एमसीबी सतत काठावर राहील आणि पडवीतल्या गरम बोर्डात अधूनमधून पडेल. पाइपात पुंजक्याने गेलेल्या अडीच स्क्वेअरवर त्याहून मोठा एमसीबी लावणं बरोबर नाही. म्हणून सहा स्क्वेअर आणि २५ चा एमसीबी, किंवा दोन खोल्यांना स्वतंत्र वायरी.

खर्च करायचा नसेल तर एक चेंजओव्हर स्विच बसवा, एका वेळी एकच गीझर. पहिला सकाळी सहाला, दुसरा साडेसहाला. पहाटे व्होल्टेजही बरं असतं.

तारजोड

सहा स्क्वेअर टाकाल तर ७० मीटर सलग ओढा, मध्ये बॉक्स नको. सहा स्क्वेअरची वायर नेहमीच्या सॉकेटच्या टर्मिनलमध्ये नीट बसत नाही आणि लोक निम्म्या तारा कापून बसवतात. मग तिथेच नवा दीड ओहम तयार होतो. खोलीत छोटा बोर्ड घ्या, सहा स्क्वेअर त्याच्या एमसीबीत संपवा आणि तिथून सॉकेटला अडीच. पावसाळ्याआधी एकदा आणि नवरात्राच्या सुमारास एकदा सगळे स्क्रू आवळा आणि गीझर लावून बोर्ड व सॉकेट या दोन जागांचं व्होल्टेज लिहून ठेवा. फरक मागच्या वेळेपेक्षा दोन व्होल्टने वाढला की बॉक्स उघडायचा.